साडेसहाला पंखा बंद करणं हा न्याय आहे का?

सूर्यवंशी_शिवाजीपेठ
वय 24. रात्री अकरा ते दोन माझं डोकं सगळ्यात चांगलं चालतं. वडील पहाटे रंकाळ्याला चकरा मारून येतात आणि साडेसहाला माझ्या खोलीचा पंखा बंद करतात. हिशोब मांडला : ते साडेनऊ ते साडेचार, सात तास झोपतात. मी दोन ते साडेनऊ. म्हणजे अर्धा तास जास्त. एवढ्यावर मी आळशी?

लाल_माती
भावा, ही मोबाईलची करणी. पहाटे पाचला तालमीत नवी पोरं येतात, आठ दिवस डोळे चोळत रडतात. पंधराव्या दिवशी हाक मारायच्या आधी लंगोट बांधून उभी! रात्री नऊला दिवे बंद केले की झोप कुठं जाती?

नववीची_बाई
लाल_माती दादा, जी पोरं टिकली ती तुम्हाला दिसतात. गाशा गुंडाळून घरी गेलेली कोण मोजतं?

1938 साली क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले. दिवस 24 ऐवजी 28 तासांचा धरला. अंधार तोच, वेळापत्रक तेच. विशीतला विद्यार्थी रुळला, 43 वर्षांच्या गुरूंचं शरीर मात्र 24 तासांचं घड्याळ सोडेना. मेंदूतल्या या घड्याळाला उजेड पुढं-मागं सरकवतो, म्हणून पहाटेच्या आखाड्याचा थोडा गुण येतो हे मान्य. पण किती सरकेल ते माणसागणिक वेगळं, आणि त्यातलं काही जन्मजातच. वयात येताना झोप उशिराकडे सरकते, विशीनंतर हळूहळू परतते. माझ्या वर्गात पहिल्या तासाला निम्मी मुलं नुसती बसलेली असतात. सरकारनं 2024 मध्ये शाळा नऊनंतर भरवायचं ठरवलं, तेही चौथीपर्यंतच. खरी गरज नववी-दहावीला!

लाल_माती
ताई, गुहेत म्हशी नव्हत्या. डेअरीत दूध सकाळी वेळेवरच घालावं लागतं. म्हैस काय म्हणती, 'मालक रात्री जागला, राहू दे'?

तिसरी_पाळी
शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. मी सकाळी घरी येऊन पडलो की दुपारी दोनपर्यंत मेल्यागत झोपतो. माझ्या जोडीदाराला उजाडल्यावर डोळाच लागत नाही. तो पहाटे तीनला भट्टीपुढं डुलायचा, बघून माझ्याच पोटात गोळा यायचा. शेवटी सुपरवायझरच्या पाया पडून पाळ्या बदलून घेतल्या. आता तो कायम पहिल्या पाळीला. लाल_माती, त्याला काय शिस्त नव्हती व्हय?

लाल_माती
भट्टीपुढचं वेगळं. तिथं जीवाचा प्रश्न. बदलली ते बरं केलं.

सूर्यवंशी_शिवाजीपेठ
आणखी एक. भारताचं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य इथं 33 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. अंबाबाईच्या मूर्तीवर सूर्यकिरण पडतात त्या किरणोत्सवाला मिनिटं मोजणाऱ्या गावानं एवढं तरी बघावं! तुमचे पाच म्हणजे सूर्याचे साडेचार.

लाल_माती
बरं, मग साडेपाचला ये.

सूर्यवंशी_शिवाजीपेठ
संध्याकाळी चालेल?

लाल_माती
संध्याकाळची मेहनत चारला असती. तवा तरी जागा असतोस न्हवं?