मेरिलिनचा अर्धवट सिनेमा जोडून दाखवला, ते बरं केलं की वाईट?

तिसरी घंटा

'मेरिलिन मन्रो: द फायनल डेज' हा २००१ सालचा माहितीपट परवा रात्री पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझा सगळा रस 'तिला कुणी मारलं' यात होता. त्या बाबतीत माहितीपट निराशच करतो, आणि ते त्याचं भलं लक्षण आहे. त्याला तिच्या मरणापेक्षा तिच्या शेवटच्या नोकरीत रस आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६२ च्या एप्रिलमध्ये ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सने 'समथिंग्ज गॉट टू गिव्ह' सुरू केला. पाच वर्षांपूर्वी समुद्रात बेपत्ता झालेली, कायद्याने मृत ठरवलेली बायको नेमकी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी घरी येऊन थडकते. नवरा डीन मार्टिन, नवी नवरी सिड चॅरिस, दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. मेरिलिन आजारी पडत राहिली, गैरहजर राहिली, जूनमध्ये स्टुडिओने तिला काढून टाकलं. मग पुन्हा बोलणी जुळली, ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू करायचं ठरलं, आणि ५ ऑगस्टच्या पहाटे ती घरात मृत सापडली. वय ३६. सिनेमा तिथेच राहिला. माहितीपटाच्या शेवटी त्या पडून राहिलेल्या रिळांतून जोडलेला ३७ मिनिटांचा सिनेमा दाखवतात.

माझं म्हणणं असं, की ही ३७ मिनिटं म्हणजे तिच्या बाजूने दिलेली साक्ष आहे. 'ती कामाच्या अवस्थेतच नव्हती, गोळ्यांच्या गुंगीत सेटवर यायची' हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात काय दिसतं? कुत्र्याबरोबरचा प्रसंग बघा. घरी परतलेल्या मालकिणीला कुत्र्याने ओळखायचं, एवढंच काम. कुत्रा ढिम्म. शिकवणारा कॅमेऱ्याबाहेरून ओरडतोय, कुत्रा भलतीकडेच बघतोय, टेकवर टेक चाललेत. ही बाई गुडघ्यांवर बसून प्रत्येक वेळी त्याच ठिकाणाहून, त्याच सुरात पुन्हा सुरुवात करते, मधेच खळाळून हसते, परत तयार. गुंगीतल्या माणसाला हे जमेल? तिला काढली ती तब्येतीमुळे नाही, हिशेबामुळे.

कॉलशीट

असहमत. ठामपणे.

जी रिळं आहेत, ती मेरिलिन सेटवर आली त्या दिवसांची. न आलेल्या दिवसांची रिळं कुठून दाखवणार? तीसेक दिवसांच्या कामात ती सेटवर आली जेमतेम बारा-तेरा दिवस. तुम्ही हजेरीपटातले 'हजर'चे शिक्के दाखवून 'बघा, विद्यार्थिनी किती गुणी' म्हणताय.

मी नऊ वर्षं मालिकांच्या निर्मितीत काढली. एक प्रसंग सांगतो, नावं विचारू नका. सकाळी सातचा कॉल, मढचा बंगला. जनरेटर सुरू, लाइट लागलेले, साठेक माणसं नाश्ता करून तयार. साडेनऊला फोन, मॅडमना ताप आहे. बँक शून्य, म्हणजे आज शूट झालेला भाग उद्या टेलिकास्ट. मग काय केलं? एका ज्युनियर मुलीला मॅडमची साडी नेसवून पाठमोरी उभी केली, तिच्या खांद्यावरून सासूची सगळी वाक्यं 'सजेशन'मध्ये, म्हणजे समोरच्या बाईची फक्त पाठ-खांदा दिसेल अशी, घेतली. दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप. तिसऱ्या दिवशी स्पॉटदादा हळूच मला विचारतो, 'साहेब, उद्याचे पैसे मिळणार का?' कारण त्याची मजुरी रोजावर. मॅडम खरंच आजारी होत्या, नंतर मी स्वतः त्यांना बघायला गेलो होतो. पण त्याने स्पॉटदादाचा प्रश्न सुटत नाही.

क्युकरने तेच केलं. डीन मार्टिनचे घे, सिड चॅरिसचे घे, तिच्याशिवाय जे जे घेता येईल ते ते घे. एक दिवस येतो जेव्हा तसलं काही उरतच नाही.

बोरिवली स्लो

आमच्या हापिसात सिक लीव्ह टाकून महाबळेश्वरचे फोटो फेसबुकवर चिकटवणाऱ्याला जे म्हणतात, तेच इथे लागू. सायनस म्हणून घरी, आणि १९ मे ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्राध्यक्षांना 'हॅपी बर्थडे'. पंधरा हजार माणसांसमोर!

तिसरी घंटा

@बोरिवली स्लो, विनोद छान, पण अर्धाच. त्या कार्यक्रमाची परवानगी तिने चित्रीकरण सुरू होण्याआधीच घेतली होती. नंतर काम मागे पडतंय बघून स्टुडिओने शब्द फिरवला. केनेडींना दिलेला शब्द मोडायचा की फॉक्सला? ती गेली. परत आल्यावर लगेच कामावर हजर झाली, आणि त्याच आठवड्यात तो प्रसिद्ध पोहण्याच्या तलावाचा, विवस्त्र पोहण्याचा, प्रसंग झाला.

@कॉलशीट, तुमचा स्पॉटदादा मला पटतो. पण फॉक्सला रोजंदारीवरच्या लोकांची काळजी होती म्हणून तिला काढलं, असं तुम्हालाही म्हणायचं नसावं. त्याच वेळी त्याच कंपनीचा 'क्लिओपात्रा' चालू होता. एलिझाबेथ टेलर लंडनमध्ये गंभीर आजारी पडली, तेव्हा काय केलं? सगळा सिनेमा गुंडाळून रोमला नेला, सेट नव्याने उभारले, तिची वाट बघितली. टेलरचा करार दहा लाख डॉलरचा. मेरिलिनला १९५५ च्या जुन्या कराराप्रमाणे एक लाख. एकीचा न्यूमोनिया म्हणजे राष्ट्रीय संकट, दुसरीचा सायनस म्हणजे नखरे.

कॉलशीट

ताई, उदाहरण बरोबर आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे! 'क्लिओपात्रा'ने तीन कोटी डॉलरच्या वर पैसा गिळला. फॉक्सने आपल्या स्टुडिओची जमीन विकायला काढली. लॉस एंजेलिसमधला आजचा सेंच्युरी सिटी हा भाग त्या जमिनीवरच उभा आहे. एका नटीने घर बुडवत आणल्यावर दुसरीसाठी वाट बघायची ऐपत उरलीच नव्हती. थोरल्याच्या लग्नात शेत गेलं, म्हणून धाकट्याचं रजिस्टर पद्धतीने. अन्याय आहेच, पण धाकट्यावरच्या रागातून झालेला नाही.

आणि १ जूनचं काय? तिचा छत्तिसावा वाढदिवस, सेटवर केक कापला, आणि तिथून थेट डॉजर स्टेडियमवर, स्नायूंच्या आजारासाठीच्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला. सायनसचा त्रास असलेली बाई रात्रीच्या गारठ्यात उघड्या मैदानावर. सोमवारी, ४ जूनला, परत आजारी. त्या आठवड्यात तिला काढलं. मी निर्माता असतो तर मीही तेच केलं असतं आणि रात्री मला झोप लागली नसती.

जास्वंद

तुम्ही दोघं तिच्या हजेरीवर भांडताय. धाग्याचं शीर्षक वेगळं आहे: जोडून दाखवणं बरं की वाईट? माझ्या मते वाईट. साक्ष वगैरे राहू दे.

एक गोष्ट सांगते. त्याच जूनमध्ये बर्ट स्टर्न या छायाचित्रकाराने 'व्होग'साठी तिचे फोटो काढले. निवडीसाठी तिच्याकडे पाठवले तेव्हा नको असलेल्या फोटोंवर तिने फुल्या मारल्या. साध्या नव्हे, काही तर खरवडून टाकले. वीस वर्षांनी ते फुल्या मारलेले फोटोही पुस्तकात छापून आले. फुल्यांसकट. आज लोक त्या नारिंगी फुल्यांनाच 'किती कलात्मक' म्हणतात. बाई 'नको' म्हणाली, ते 'नको'च विकायला ठेवलं!

सिनेमाच्या रिळांवर तर फुली मारायचीही संधी तिला मिळाली नाही. ती एकेका वाक्यासाठी पुन्हा पुन्हा टेक मागणारी. कोणता ठेवायचा हे कुणी ठरवलं? चाळीस वर्षांनी एका संगणकासमोर बसलेल्या माणसाने. आणि रिळं कुणाची? ज्या फॉक्सने तिला काढलं आणि वर तिच्यावर लाखो डॉलरचा दावा ठोकला, त्यांच्याच गोदामातली. जिवंतपणी ती परवडत नव्हती, मेल्यावर एकदम वारसा.

रीळ नंबर सात

जास्वंदताई, फुल्यांचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण गोदामाबद्दल बोलू द्या, तो माझा दुखरा कोपरा आहे.

फॉक्सने टाकून दिलेल्या सिनेमाची रिळं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं सांभाळली, म्हणून १९९० मध्ये त्यांवर पहिला माहितीपट झाला आणि २००१ मध्ये दुसरा. आपल्याकडे? 'आलम आरा', १९३१ चा पहिला भारतीय बोलपट, त्याची एक प्रत शिल्लक नाही. मूकपटांची रिळं लोकांनी चांदी काढण्यासाठी विकली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या काळातली, चटकन पेटणारी नायट्रेटची रिळं गेली. हे पूर्ण झालेल्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमांचं. अर्धवट सिनेमा तर कोण ठेवतो! रंजनाचा १९८७ मध्ये अपघात झाला आणि तिचं पडद्यावरचं चालणं-नाचणं थांबलं. तिचे न वापरलेले टेक कुठे असतील? विचारायचं कुणाला, तेही कळत नाही.

आता जोडण्याबद्दल. मी संकलन करतो, म्हणून मला त्या ३७ मिनिटांत काय खटकतं ते सांगतो. जोडणाऱ्याने तिचा प्रसंग सिनेमासारखा वाहता केलाय. टेकच्या सुरुवातीला वाजवतात त्या पाट्या काढल्या, क्युकरचा आवाज काढला, वर संगीत चढवलं. तिथे मी जास्वंदताईंच्या बाजूला. उलट कच्ची रिळं जशीच्या तशी दाखवली तिथे मी तिसऱ्या घंटेच्या बाजूला. पाटी वाजते, ती डोळे मिटून श्वास घेते, चेहरा बदलतो, आणि ते पात्र हजर. हे बघायला मिळणं म्हणजे मोठ्या गवयाचा रियाज दाराआडून ऐकायला मिळणं.

जास्वंद

दाराआडून ऐकणं हीच तर माझी तक्रार आहे.

बोरिवली स्लो

'लाडला'तले दिव्या भारतीचे तुकडे मी यूट्यूबवर कितीदा पाहिलेत देव जाणे. एप्रिल १९९३ मध्ये ती गेली, मग श्रीदेवीला घेऊन सगळं पुन्हा चित्रित केलं. तेच वाक्य, तोच तोरा, बाई वेगळी. खाली कमेंटमध्ये कोण भारी यावर कुस्ती. जास्वंदताई, आम्ही सगळे पापी का?

जास्वंद

पापी नाही हो, प्रेक्षक. पण 'शर्माजी नमकीन' आठवा. ऋषी कपूर गेले, उरलेली भूमिका परेश रावलने केली. सुरुवातीलाच रणबीर पडद्यावर येऊन सांगतो, की असं असं आहे, दोन नट दिसतील. घरच्यांची संमती, वडिलांची इच्छा, प्रेक्षकाला आधी कल्पना. तिथे माझी काहीच हरकत नाही. मेरिलिनच्या वेळी असं विचारायला कोण होतं? आई मनोरुग्णालयात, नवरा नाही, मूल नाही. ज्यांचं कुणी नसतं त्यांचं सगळंच सार्वजनिक होतं.

कॉलशीट

इथे मी एक भर घालतो, आणि ती माझ्याच विरोधात जाते. तिला काढल्यावर फॉक्सने ली रेमिकला आणून उभं केलं. डीन मार्टिनच्या करारात नायिकेला पसंती देण्याचा हक्क होता. तो म्हणाला, मी मेरिलिनबरोबर सही केली आहे, दुसरी कुणी चालणार नाही. त्याच्यावरही दावा झाला, तरी हलला नाही. म्हणजे विचारायला एक माणूस होता. रोज तीच तीच दृश्यं तिच्याशिवाय करून सगळ्यात जास्त कंटाळला असेल तर तोच, आणि तोच तिच्यासाठी उभा राहिला. नऊ वर्षांत मी एकाही हिरोला हे करताना पाहिलं नाही.

तरी हजेरीचं माझं मत कायम.

तिसरी घंटा

कायम असू दे. पण कुत्र्याचा प्रसंग पाहिलात का?

कॉलशीट

काल पाहिला. चूक कुत्र्याची आहे, मान्य. आमच्या सेटवर असता तर दुसऱ्या टेकला कुत्रा बदलला असता.

रीळ नंबर सात

अवांतर: शेवटी फॉक्सने हीच गोष्ट १९६३ मध्ये डोरिस डे आणि जेम्स गार्नरला घेऊन 'मूव्ह ओव्हर, डार्लिंग' नावाने पूर्ण केली. नीटनेटका सिनेमा आहे. मला त्यातलं एकही दृश्य आठवत नाही.

जास्वंद

शेवटी बसून पाहिलंच, तुम्ही सगळ्यांनी इतका कंठशोष केल्यावर. पोहण्याच्या तलावाचा प्रसंग पुढे ढकलला. तिची लहान मुलं तिला ओळखत नाहीत आणि ती 'मी तुमची आई' न सांगता त्यांच्याशी गप्पा मारते, तो ढकलता आला नाही. मत बदललेलं नाही. हे दाखवायला नको होतं.

तिसरी घंटा

आणि कुत्रा?

जास्वंद

तो दोनदा पाहिला.