आप्पांची शुगर आणि आईची चाळणी

वडगावचा_पोरगा:
मंडळी, आमच्या आप्पांना शुगर निघालीय. डॉक्टरांनी गोळी दिली, वर सांगितलं भात कमी करा, कोंड्यासकट धान्य, भाजी, फळं वाढवा. आप्पा मूळचे बेळगावजवळच्या येळ्ळूरचे, घरच्या बासमतीचा भात दोन्ही वेळ पाहिजेच. आई चपातीचं पीठ बारीक चाळणीनं चाळते, कोंडा म्हशीला. सकाळी रव्याचं उप्पीट. सुरुवात कुठून करू? दात कमी आहेत, फळांचा ज्यूस काढून दिला तर चालेल काय ओ?

खानापूरची_सून:
आधी ती चाळणी लपवा! तंतू (फायबर), लोह, बी जीवनसत्त्वं बरीचशी कोंड्यातच जातात. म्हैस तेवढी धडधाकट.
भात एकदम बंद करू नका, रुसतील. आमच्या मामंजींना एक वेळ भात ठेवलाय, तोही लाल तांदळाचा. दोन-तीन तास भिजवून मऊ शिजवायचा, नाहीतर ताट सारतात. दुसऱ्या वेळी जोंधळ्याची नाहीतर नाचण्याची भाकरी. नाचण्याचं पीठ उकळत्या पाण्यात कालवा, गरम असतानाच मळा. गार पाण्यानं थापताना कडा फुटतात. मात्र भाकरी आहे म्हणून तीन-तीन नकोत, साखर तिनंही वाढते.

डाएटचं_बघणारी:
ज्यूस नको. गाळला की चोथा जातो, साखर राहते आणि ती झटकन रक्तात चढते. पपई द्या, पिकलेला पेरू बिया काढून बारीक चिरा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी-फळं आणि मोठ्या माणसाला २५ ग्रॅम तंतू सांगते. बटाटा, रताळं त्या ४०० मध्ये धरत नाहीत. तंतू हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि आप्पा दोष भाकरीला देतील. गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. किडनीचा त्रास असेल तर कोणती फळं, किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

कडोलीचा_शेतकरी:
रताळं धरत नाहीत? आमचं निम्मं शिवार रताळ्याचं हाय की ओ! शुगरवाल्यानं खायचंच नाही काय?

डाएटचं_बघणारी:
खायचं की! पण भाजी म्हणून नाही, भाताच्या नाहीतर भाकरीच्या बदली. लहान एखादं, स्वच्छ धुऊन सालासकट उकडलेलं. गूळ घालून नाही, आणि तळलेले काप तर नकोच.