एएच्या सभेला पहिल्यांदा जायचे आहे, मुंबईत मराठी समूह कसा शोधावा?

विक्रोळीकर (प्रश्न)

माझे वय ४२ असून मला रोज रात्री दारू लागते. अलीकडे सकाळी हात थरथरतात आणि ते थांबवण्यासाठीही थोडी घ्यावी लागते. एकट्याने सोडण्याचा निर्धार टिकत नाही, म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतीच्या संघटनेच्या सभेला जाण्याचे ठरवले आहे. मराठीतून चालणारा समूह कसा शोधावा, तेथे नाव-पत्ता द्यावा लागतो का, आणि ओळखीचे कोणी भेटले तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईचा आग्रह आहे की पंढरीची माळ घालावी, म्हणजे दारू सुटेल. तिच्या श्रद्धेचा मला आदर आहे, परंतु माळ घातल्यावर पुन्हा प्यायलो तर ती खचून जाईल अशी भीती वाटते.

परिचारिका_शीव

सभेइतकेच डॉक्टरांकडे जाणेही निकडीचे आहे. सकाळी हात थरथरणे आणि प्यायल्यावर ते थांबणे, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. अशा वेळी ती एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत भास, गोंधळ व ताप अशी जिवावर बेतणारी अवस्थाही काहींना येते. म्हणून घरी एकट्याने बंद करू नका. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी केसपेपर काढा आणि रोज किती घेता, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी आकडी आली होती का, हे खरे सांगा. साधारणपणे काही दिवस मात्रा हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले जाते. प्रकृतीनुसार दाखलही करून घेतात.

घरच्यांना एक विनंती आहे. दारू सोडवण्याची गोळी किंवा पावडर कोणीही जेवणातून लपवून देऊ नये. डायसल्फिरम हे असे औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, त्यामुळे ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे.

सभासद_दादर

मी अनेक वर्षे एएमध्ये आहे. समूह शोधण्याचा सरळ मार्ग म्हणजे एएच्या भारतातील संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करणे. घर आणि कामाचे ठिकाण सांगून मराठी सभा कोणत्या दिवशी, कोठे असते ते विचारावे. केंद्र सरकारची १४४४६ ही नि:शुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. सभेची जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असते. चर्च पाहून परत फिरू नका, कारण एए कोणत्याही धर्माशी किंवा संस्थेशी बांधलेले नाही आणि सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे.

नाव-पत्ता कोणी लिहून घेत नाही आणि फीही नसते. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात. नवीन माणसाने टाकलेच पाहिजेत असे नाही. प्रार्थना आणि वाचन झाल्यावर एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. त्याला आम्ही शेअरिंग म्हणतो. तुम्हाला बोलावेसे वाटले नाही तर नुसते ऐकावे, कोणी उलटतपासणी घेणार नाही. खुल्या सभेला कुटुंबीयही येऊ शकतात, बंद सभा मात्र दारूची समस्या असणाऱ्यांसाठीच असते. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तोही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो. तरीही संकोच वाटत असेल तर सुरुवातीला घाटकोपर किंवा मुलुंडचा समूह पाहावा, पण कायमचा समूह कामावरून घरी जाण्याच्या वाटेवरचाच असावा, कारण लोकलच्या गर्दीतून थकून आल्यावर वाकडी वाट करून जाणे पुढे सुटत जाते.

माळेविषयी मला मनापासून सांगायचे आहे. एए १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, पण दारूपासून दूर राहण्यासाठीच्या त्याच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर ज्याला जसा उमगेल तसा मानण्याची मोकळीक आहे, त्यामुळे तो विठ्ठल असण्यास काहीच अडचण नाही. माळ जन्मभराचा शब्द मागते. सभेत फक्त आजच्या दिवसाचे बोलतात. ज्याचे हात सकाळी थरथरत आहेत त्याच्याकडून जन्मभराचा शब्द आजच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रकृती सावरू द्या, सभांना येत राहा, एखादा जुना सभासद स्पॉन्सर, म्हणजे आधार देणारा मार्गदर्शक, म्हणून निवडा आणि तलफ आली की पहिला पेग घेण्याआधी त्याला फोन करा. माळ घालण्याची वेळ तुमची तुम्ही ठरवा, आणि हे आईंना आत्ताच सांगा.

गिरगावची_मी

त्यांच्या आईंसाठी लिहिते. १९५१ पासून चालत आलेली अल-अ‍ॅनॉन ही कुटुंबीयांची वेगळी संघटना आहे आणि तिच्या सभा मुंबईतही होतात. माझे यजमान अजून पीत होते तेव्हाच मी तेथे जाऊ लागले, कारण घरातल्या माणसाने सोडली तरच आपण जायचे अशी अट तेथे नाही. बाटल्या शोधणे, ऑफिसात त्यांच्या वतीने खोटे आजारपण कळवणे, शपथा घालणे, हे सारे मला तेथे हळूहळू थांबवता आले. आई एकट्या जाण्यास बिचकत असतील तर सूनबाईंनी पहिल्या सभेला त्यांच्याबरोबर जावे.