कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत कर्करोग खरोखरच कमी असतो का?

बालाघाट (प्रश्न)

नमस्कार. कुटुंबाचे उत्पन्न आणि प्रौढांमधील कर्करोगाचे प्रमाण हा विषय मी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी घेतला आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात 2012 ते 2016 या काळातील दर दिलेले आहेत. त्यात देशातील सर्व नोंदणी केंद्रांमध्ये सर्वांत कमी दर आमच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचा आहे: वर्षाला दर लाख पुरुषांमागे 39.5 आणि दर लाख स्त्रियांमागे 49.4 नवे रुग्ण. मुंबईचे दर याच्या दुपटीहून अधिक आहेत. कोरडवाहू शेती आणि ऊसतोड यांवर चालणाऱ्या या भागात उत्पन्न किती तुटपुंजे आहे, हे वेगळे सांगायला नको. साधा आहार आणि भरपूर अंगमेहनत यांमुळे गरीब कुटुंबांत कर्करोग कमी होतो, असा निष्कर्ष काढावा, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण आमच्या गावात तंबाखू न मळणारा पुरुष आणि मिसरी न लावणारी म्हातारी शोधून काढावी लागते. शहरात वयस्कर माणसे जास्त असल्यामुळे हा फरक दिसत असेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ

वयाचे कारण येथे लागू पडणार नाही. आपण दिलेले दर वयोरचनेतील फरक काढून टाकल्यानंतरचे आहेत. शहरांची आणि खेड्यांची तुलना करता यावी, यासाठीच ते तसे काढलेले असतात. स्वतः सर्वेक्षणाचे आकडे घेऊन उत्पन्नगट पाडणार असाल, तर मात्र वयाचा हिशेब आधी करावा लागेल.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की, तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येत आहेत. एका वर्षात नव्याने किती जणांना कर्करोग झाला, ही पहिली. आज कर्करोगासह किंवा कर्करोगातून बरे होऊन किती जण हयात आहेत, ही दुसरी. आणि त्याने किती जण दगावले, ही तिसरी. सर्वेक्षणात बहुधा दुसरी गोष्ट मोजली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातही, तुम्हाला कर्करोग असल्याचे एखाद्या डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का, असाच प्रश्न असतो. या प्रश्नाला "हो" म्हणण्यासाठी माणसाला डॉक्टर भेटलेला असावा लागतो, तपासणी झालेली असावी लागते आणि तो माणूस उत्तर द्यायला जिवंत असावा लागतो. ज्या कुटुंबाची ऐपत आहे, त्या कुटुंबात या तिन्ही गोष्टी घडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अशा आकड्यांत वरच्या उत्पन्नगटात कर्करोग जास्त दिसला, तर त्यात लवकर झालेल्या निदानाचा आणि यशस्वी उपचारांचाही वाटा असतो.

मृत्यूंकडे पाहिले की चित्र उलटते. भारतातील कर्करोगाच्या मृत्यूंवरील एक देशव्यापी अभ्यास 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी जाऊन, शेवटच्या आजाराची हकीकत विचारून, मृत्यूचे कारण ठरवण्याची त्याची पद्धत असल्यामुळे रुग्णालयाची पायरीही न चढलेली माणसे त्यात मोजली गेली. 30 ते 69 या वयोगटात ग्रामीण आणि शहरी मृत्युदर जवळपास सारखे निघाले: पुरुषांमध्ये दर लाखामागे अनुक्रमे सुमारे 96 आणि 102, तर स्त्रियांमध्ये 97 आणि 91. शिक्षणानुसार पाहिल्यावर मात्र सर्वांत कमी शिकलेल्या गटात पुरुषांचा दर 106.6 आणि सर्वांत जास्त शिकलेल्या गटात 45.7 होता, स्त्रियांमध्येही 106.7 विरुद्ध 43.4. शिक्षण म्हणजे उत्पन्न नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही आपल्या मार्गदर्शकांचा निष्कर्ष या आकड्यांपुढे टिकणे अवघड आहे.

शतावरी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरील विवेचनाशी सहमत आहे, पण त्यात एक भर घालते. "कर्करोग" असा एकच आकडा धरून उत्पन्नाशी त्याचा संबंध शोधू नये, कारण प्रत्येक अवयवाची कथा वेगळी आहे. उशिरा झालेले पहिले बाळंतपण, कमी मुले, अंगावर पाजण्याचा कमी काळ आणि रजोनिवृत्तीनंतरचे वाढलेले वजन यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि या गोष्टी शिकलेल्या, सुस्थितीतील शहरी घरांत अधिक आढळतात. गर्भाशयमुखाचा आणि तोंडाचा कर्करोग मात्र गरिबाघरी जास्त होतो. मुंबईच्या दरातील काही फरक यामुळे खरा आहे. सगळाच निदानाअभावी दिसतो, असे म्हणणेही चूक ठरेल.

उस्मानाबादचे नाव आपण घेतलेच आहे, तर त्याच जिल्ह्यातील खेड्यांत 1999 साली सुरू झालेला अभ्यास अवश्य वाचावा. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एका गटात आयुष्यात फक्त एकदा केली, आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवा मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. म्हणजे ज्या जिल्ह्याचा दर देशात सर्वांत कमी, तेथेही केवळ एका तपासणीने टाळता येण्याजोगे इतके मृत्यू होत होते.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (2019-21) आकडा पाहा: गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रिया देशात अवघ्या 1.9 टक्के होत्या. दुसरीकडे, त्याच बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांना कर्करोगाची भीती घालून त्यांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तपासणी मिळत नाही आणि भीती मात्र विकत घ्यावी लागते, याचा मला आजही संताप येतो.

बालाघाट

दोघांचेही मनापासून आभार. उत्पन्नाचा आकडा कोणत्या वेळचा घ्यावा, ही माझी पुढची शंका आहे. माझ्या प्रश्नावलीत गेल्या बारा महिन्यांचे कौटुंबिक उत्पन्न विचारलेले आहे.

गिरणगाव

तो आकडा घेतलात, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होईल. मुंबईत परळमध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना राहण्याची सोय शोधून देण्याच्या कामात मी काही वर्षे मदत करतो, त्यावरून लिहितो.

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा अनेकदा त्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत. भाकरी चावता येत नाही म्हणून ती पातळ कालवणात कुस्करून गिळणे बरेच दिवस चाललेले असते. गालातला पांढरा चट्टा त्याआधी कधीतरी दिसलेला असतो, पण हंगाम बुडवून तालुक्याला जाण्याइतके ते दुखणे त्याला मोठे वाटलेले नसते. ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असताना मधेच कोयता ठेवता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागले, तर आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे ते साधारण सहा आठवडे चालतात. राज्याच्या जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा खर्च निघू शकतो. रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, मुंबईतले राहणे-खाणे आणि घरी राहिलेल्या लेकरांची व्यवस्था यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांसारख्या ठिकाणी जागा मिळाली, तर भार पुष्कळ हलका होतो. ती न मिळालेली कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकतात.

आता आपली प्रश्नावली या कुटुंबाकडे वर्षभराने गेली, तर काय दिसेल? एक कमावता माणूस घरी बसलेला, दुसऱ्याची मजुरी बुडालेली आणि म्हैस किंवा जमिनीचा तुकडा विकलेला. बागायतदार म्हणवणारे घरही आपल्या तक्त्यात खालच्या गटात जाऊन बसेल. त्यामुळे आजाराच्या आधीची स्थिती विचारा: निदान होण्यापूर्वी घरात किती जण कमावते होते, जमीन किती आणि कोरडवाहू की बागायती, आणि उपचारांसाठी काय विकले किंवा गहाण टाकले. लोक उत्पन्नाचा आकडा सांगताना अडखळतात, पण विकलेल्या जनावराची किंमत त्यांना रुपयापर्यंत आठवते.

गोदाकाठ

गिरणगाव यांची सूचना मोलाची आहे. तिला जोडून दोन प्रश्न वाढवावेत: पहिले लक्षण कधी जाणवले आणि निदान कधी झाले. या दोन्हींमधले अंतर उत्पन्नगटानुसार मांडता आले, तर केवळ "कर्करोग आहे की नाही" या रकान्यापेक्षा त्यातून अधिक कळेल. ज्या घरांत गेल्या काही वर्षांत कर्करोगाने मृत्यू झाला आहे, तीही घरे नमुन्यात घ्यावीत. ती वगळली, तर सर्वांत गरीब रुग्ण आपल्या अभ्यासातून आधीच गळालेले असतील.

बार्शीच्या नोंदणी केंद्राची कार्यपद्धतीही पाहावी. 1987 साली सुरू झालेले हे भारतातील पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र होय. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता त्याचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवत. आपल्या भागाला इतके जवळचे दुसरे उदाहरण मिळणार नाही, आणि मार्गदर्शकांशी चर्चा करताना तेच पुढे ठेवावे, असे मी सुचवेन.