हॉटेलांसाठीची फूड अ‍ॅलर्जीची पुस्तिका नव्याने करतोय, काय ठेवू काय काढू?

शेंगदाणा_नको: आम्ही काही पालक पुण्यातल्या हॉटेलांना अ‍ॅलर्जीची पुस्तिका देतो. माझ्या मुलाला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे म्हणून जीव तोडून सांगते, सध्याची काही कामाची नाही. सगळी परदेशी माहितीवर बेतलेली, अमेरिकेतले 9 अ‍ॅलर्जन (म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे घटक), इंग्लंडातले 14, पीनट बटर, शेलफिश, आणि मॅनेजर ती गल्ल्याखाली ठेवून देतात. काय बदलू?

भटारखाना: हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो, पुस्तिका नकोच, किचनच्या भिंतीवर लावायला एक मोठा लॅमिनेट केलेला कागद करा, मराठी आणि हिंदी दोन्हीत कारण निम्मे कारागीर बाहेरच्या राज्यातले असतात. अ‍ॅलर्जनची यादी नको, पदार्थ लिहा. साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी यात कूट असतं, मिसळीच्या फरसाणात दाणे असतात, पंजाबी ग्रेव्हीत काजू, आणि फोडणी दाण्याच्या तेलाची असेल तर तेही. शिवाय कढईतलं तेल एकच, ज्यात मसाला शेंगदाणे तळले त्यातच नंतर भजी पडतात, आणि तळून अ‍ॅलर्जी जात नाही हे कोणी सांगतच नाही!! "वरून दाणे टाकू नका" एवढं सांगून भागत नाही.

नियमवाली: कायद्याचा भाग दोन ओळींत उरका. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) 2020 च्या लेबलिंग नियमांत हॉटेलांचा भाग मुख्यतः 10 किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांसाठी आहे, कोपऱ्यावरच्या खानावळीला धाक दाखवून काही होणार नाही, तिथे मालकाशी बोलावंच लागतं. आणि तीळ त्या नियमांतल्या अ‍ॅलर्जनच्या यादीत नाहीत, अमेरिकेत 2023 पासून आहेत, तुम्ही मात्र नक्की घाला, आपल्या मसाल्यांत तीळ असतातच.

शेंगदाणा_नको: पदार्थांची कल्पना फारच आवडली. त्रास झालाच तर काय करायचं ते कुठे टाकू?

नर्सताई: त्याच कागदावर, सगळ्यात वर, लाल अक्षरात. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली की आडवं झोपवा, श्वास घ्यायला फारच जड जात असेल तर बसू द्या पण उभं करू नका, चालवू नका. गिऱ्हाइकाकडे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच, आणि 108 ला फोन. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, हे ठळक करा. अजून एक, सॅनिटायझरने दाण्याचा अंश हातावरून जात नाही, साबण-पाणीच लागतं, ते बेसिनजवळ वेगळं चिकटवा.

भटारखाना: हिंदी मजकूर मी तपासून देतो, आमच्या दोन आचाऱ्यांना वाचायला लावतो, त्यांना कळलं तर छापा.