मागाच्या शेडमधला तो रॉक बँड : कुणाला लाइनअप आठवतंय?

नवीपेठकर

मामाच्या कपाटात एक फोटो सापडला. मागं काळा पडदा, पुढं पाच पोरं, मधल्याच्या गळ्यात लाल गिटार. बॅनर अर्धा कापला गेलाय. मामा म्हणतो, 2006 च्या आसपास हे लोक गॅदरिंगला वाजवायचे. पण त्याच्या आठवणीतला गायक चष्मेवाला, आणि फोटोत गातोय तो बिनचष्म्याचा. नक्की कोण कधी होतं? नावं नकोत, वाद्यं सांगितली तरी चालतंय.

तिसरा माग

चष्मेवाला पहिला, बिनचष्म्याचा दुसरा. ड्रमच्या मागं अर्धं डोकं दिसायलंय ते माझं.

2005 ला सुरू केलं, सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, बेसवाल्याच्या काकांच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये. तेव्हा लोडशेडिंग जोरात. लाइट असली की माग चालू, स्वतःचं वाजवलेलं स्वतःला ऐकू येईना. लाइट गेली की माग गप, पण मग अ‍ॅम्प पण गप! म्हणून आठवड्यातून एकच दिवस, मागाला सुट्टी असेल तो. स्नेअर ड्रमवर बोट फिरवलं की कापसाच्या धुळीनं पांढरं व्हायचं. गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल कुठलं आणणार? मंडपवाल्याचं मशीन होतं, आवाज फुल केला की फाटायचा. तोच आमचा डिस्टॉर्शन.

ड्रमसेट पण माझा नव्हताच, बँजो पार्टीचा होता. गणपतीला जो जायचा तो नवरात्र झाल्यावरच परत यायचा, एक कातडं फाटून. तेवढे दिवस बँड नाहीच असं समजा.

लीड गिटारवाला डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा भक्त. त्यांचे संच मार्क वन, मार्क टू असे मोजतात. 1969 ला गायक आणि बेसवाला बदलला आणि मार्क टू झाला. यानं आमचं पण तसंच मोजायला घेतलं. चष्मेवाला पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तिथं आमचा मार्क वन संपला. फोटो मार्क टूचा आहे. नव्या गायकाला वरचा सूर झेपेना, मग गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. तारा सैल, आवाज जड. लोकांना वाटलं आम्ही मुद्दाम हेवी झालो! मग काकांनी शेडमध्ये टॉवेलचे माग वाढवले, जागा गेली, बेसवाला धंद्यात बसला. मार्क थ्रीत बेस नव्हताच.

भांडणानं फुटला असं गावात अजून सांगतात. भांडायला तरी माणसं एका गावात पाहिजेत की बे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं एकेक जण गेला. ड्रमवाल्याला पुण्यात कोण बोलावतंय?

काळी दोन

मार्क थ्रीत बेस नव्हता म्हणे. मी काय करत होतो मग? कीबोर्डवर डाव्या हातानं सगळा बेस मीच ओढला. मी ऑर्केस्ट्रातला माणूस, पहिल्या दिवशी विचारलं, सूर कुठला? लीडवाला म्हणाला, ई, पण अर्धा उतरवलेला. म्हटलं, सरळ पेटीवरची काळी दोन पट्टी म्हण की! तिथून माझं हे नाव पडलं. आणि तुझा टेम्पो पळायचा, ते पण लिही.

तिसरा माग

पळायचा, मान्य. पण मोजून कोण द्यायचं ते आठव. बेसवाला होता तोपर्यंत तो घरच्या तेलुगूत मोजायचा : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. या ‘नालुगु’त तीन अक्षरं, ती संपेपर्यंत थांबलो तर गाणं बसायचं, नाही थांबलो तर पळायचं. तू आलास आणि ‘एक दोन तीन चार’ सुरू झालं, पण माझा पाय तोवर तेलुगूच झाला होता.

नवीपेठकर

मामाला सगळं वाचून दाखवलं. इतका वेळ गप होता, आता म्हणायलाय की ती लाल गिवसन कंपनीची गिटार त्याचीच. एका गॅदरिंगपुरती उसनी दिली होती, परत आलीच नाही.

तिसरा माग

आई गं. लीडवाल्याकडं आहे पुण्यात, भिंतीला टांगलीय. दिवाळीला येतोय तो, घेऊन यायला सांगतो. मामाला विचार, देताना कव्हर होतं का? तो म्हणेल नव्हतं.

नवीपेठकर

मामा म्हणतो, होतं. चेनवालं.