बारला मुलामा देतात की क्रोम चढवतात?

उद्यमनगरी: शिरोलीच्या एका कारखान्यासाठी कामगार-सूचनांचे भाषांतर करताना मी ‘हार्ड क्रोम प्लेटेड बार’ याला ‘कठीण क्रोम मुलामा दिलेली सळई’ असे लिहिले. मसुदा वाचून तेथील फोरमन म्हणाले, “अवो, सळी स्लॅबात जाती आन् मुलामा गुजरीत देत्यात.” (गुजरी म्हणजे कोल्हापुरातला सराफ बाजार.) मग लिहावे तरी काय?

जुना मास्तर: ‘विद्युत विलेपन’ हा नेमका शब्द असताना अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘मुलामा’ कशाला हवा?

हुपरीकर: विलेपन चंदनाचे होते, मास्तर. आमच्या घरी चांदीचे काम आहे आणि तेथे ‘मुलामा’ हाच शब्द तीन पिढ्या चालत आला आहे. तो ‘मूळ’ आणि ‘लेप’ यांवरून आला असावा, असे आजोबा सांगत.

जुना मास्तर: आजोबांविषयी आदर राखून सांगतो, मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘चकाकणारा’ असा आहे. ‘कल्हई’ही अरबीच.

यंत्रशाळा: फोरमनची हरकत व्युत्पत्तीला नसून अर्थाला आहे, असे मला वाटते. मुलामा म्हटले की आत हलका धातू आणि वर देखावा, हेच मनात येते. नळाच्या तोटीवर निकेलच्या थरावर जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) क्रोम असते, त्याला खुशाल मुलामा म्हणावे. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर मात्र थेट पोलादावर वीस-पंचवीस मायक्रॉनचा थर बसवतात. त्याचा कठीणपणा व्हिकर्स मापाने साधारण 850 ते 1000 भरतो आणि तो थर शोभेसाठी नसून घर्षण सोसण्यासाठी असतो. झिजलेल्या दांड्यावर तर जाड थर चढवून, तो ग्राइंडिंगने पुन्हा मापात आणतात. मापात आणायच्या थराला मुलामा म्हणणे मला तरी पटत नाही.

हुपरीकर: मग ‘कठीण’ तरी कशाला? कामगार ‘अवघड क्रोम’ असे वाचेल. ‘टणक’ लिहा.

जुना मास्तर: ‘सळई’ मात्र संस्कृत ‘शलाका’वरून आलेली आहे, ती सोडू नका. याच कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकवणारे माधवराव पटवर्धन (कवी माधव ज्यूलियन) फारसी-मराठी कोश रचूनही भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हे विसरू नये.

यंत्रशाळा: पटवर्धनांना फारसी येत होती, म्हणून काय टाकायचे ते त्यांना कळत होते. शलाका डोळ्यांत काजळ घालायला ठीक आहे. ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या बारला तो शब्द शोभत नाही.

हुपरीकर: ‘कांब’ चालेल का? आमच्याकडे चांदीची कांबच म्हणतात.

उद्यमनगरी: सध्या ‘टणक क्रोम चढवलेला बार’ असे लिहून ठेवले आहे. पुढची ओळ त्याहून अडचणीची आहे. प्लेटिंग होताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि उच्च ताकदीचे पोलाद त्यामुळे ठिसूळ होते, म्हणून असे बार नंतर सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवतात. या ‘बेकिंग’ला मी ‘भाजणे’ लिहिले आहे. फोरमननी ते पान अजून पाहिलेले नाही.